जिथे असाल तिथून

२४ फेब्रुवारी

हिला जाऊन आज चार दिवस झाले. निघताना म्हणाली, "फ्रिजमध्ये तीन दिवसांचं आहे. चौथ्या दिवसापासून तुमचं तुम्ही बघा." चौथा दिवस उजाडला. बघतोय. ब्रेड आणि चहा.

मुलीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली, वीस तारखेला. वजन एक हजार ऐंशी ग्रॅम. माझ्या पिशवीतला मोठा पाना याहून जड आहे. बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय, पेटी क्रमांक सहा. हॉस्पिटल मुलीच्या गावात, इथून बसने नऊ तास. मी गेलो नाही. मला कोणी या म्हटलं नाही, आणि न बोलावता जायचा माझा स्वभाव नाही. मुलीशी चार वर्षं बोलणं बंद आहे. तिने लग्न केलं ते माझ्या मनाविरुद्ध. माणूस घटस्फोटित, वर अकरा वर्षांनी मोठा. मी तेव्हा एकच वाक्य बोललो होतो. एका वाक्यावर कोणी चार वर्षं रुसून बसणार असेल तर त्याला मी काय करू?

हे लिहायला ऑफिसातलं कोरं सर्व्हिस रजिस्टर आणलंय. तीस वर्षं लिफ्टच्या तक्रारी लिहिल्या, स्वतःची एकही नाही. आताही तक्रार अशी नाहीच. घरात आवाज नसला की फ्रिजचा आवाज येतो, एवढंच.

२७ फेब्रुवारी

हिच्या माहेरच्या ग्रुपवर हिने एक निरोप टाकलाय. त्या हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेट्या कमी आहेत, म्हणून काही लोकांनी धावण्याचा कार्यक्रम काढलाय. चाळीस दिवसांत दोनशे किलोमीटर. पहिले दीडशे जमतील तसे तुकड्यांनी, शेवटचे पन्नास एकाच दिवशी, सूर्योदय ते सूर्यास्त. त्याला म्हणे अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. कुठे एकत्र जमायचं नाही. जो तो आपापल्या गावात, फोन खिशात ठेवून. चाललं तरी चालतं. प्रत्येक किलोमीटरमागे कोणीतरी देणगी द्यायची. वर ठळक अक्षरांत: ‘जिथे असाल तिथून धावा.’

ग्रुपवर सव्वीस माणसं आहेत. हिने तो निरोप कोणाला उद्देशून टाकला असेल, हे कळायला फार डोकं लागत नाही. मला सरळ सांगायचा संकोच वाटला असणार.

नाव नोंदवलं. खरं नाव किंवा टोपणनाव, काहीही चालत होतं. मुलीला कळायला नको म्हणून ‘लिफ्टवाला’ असं टाकलं.

१ मार्च

पहिला दिवस. दोन किलोमीटर. वय एकोणसाठ, बूट ऑफिसचे, चामड्याचे. अर्ध्या किलोमीटरनंतर छातीत भाता चालल्यासारखा आवाज यायला लागला. उरलेलं चाललो.

परत येताना जिन्यात तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक भेटले. घामाने भिजलेला मला बघून म्हणाले, "कुत्रं मागे लागलं होतं का?"

"नाही. धावत होतो."

"कशासाठी?"

"बाळासाठी," म्हणणार होतो. "तब्येतीसाठी," म्हणालो.

"या वयात एक तर तब्येत करावी, नाही तर धावावं," असं म्हणून ते पेपर घेऊन आत गेले.

३ मार्च

देणगीदार हवेत. माझ्या ओळखी म्हणजे माझ्याकडे असलेल्या एकोणीस इमारती. ऑफिसात तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईंना म्हटलं, एक कागद टाइप करून द्या, लिफ्टमध्ये लावतो.

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "तुम्ही? धावणार? तुम्ही समोरच्या टपरीवर चहाला सुद्धा स्कूटरवर जाता."

तरी कागद छान करून दिला. ‘या लिफ्टची देखभाल करणारे मेकॅनिक नवजात बाळांसाठी दोनशे किलोमीटर धावणार आहेत.’ खाली आकडा लिहायला चौकोन. ‘आजवर झालेले किलोमीटर.’ दर सोमवारी पेनाने बदलायचा. लिफ्टमध्ये माणसाला वाचायला दुसरं काही नसतं, त्यामुळे सगळे वाचणार.

९ मार्च

एकवीस झाले. खेळाचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, "नातवाला हवेत का?" मी म्हटलं, नातीसाठी. त्याने लहान मापाचे काढले.

कार्यक्रमाच्या ॲपमध्ये नकाशा आहे. धावणारा प्रत्येक जण त्यात हिरवा ठिपका. कुठल्या कुठल्या गावांत ठिपके हलत असतात. सकाळी सहाला चहा पिताना बघत बसतो. कोणाशी ओळख नाही, पण एखादा ठिपका दोन दिवस हलला नाही की काळजी वाटते.

शिवाय एक फलक आहे, त्यावर कोणीही लिहावं. आज तिथे एक निरोप होता. ‘मी पेटी क्रमांक सहाची आई. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. मी दिवसभर वॉर्डाबाहेर बाकावर बसते आणि तुमचे ठिपके बघते. थांबू नका.’

चार वर्षांनी तिचं काही वाचलं. तिला शुद्धलेखन मीच शिकवलं होतं. एकही चूक नाही.

१० मार्च

फलकावर उत्तर दिलं. ‘बाळाचं वजन कळवत जा. लिफ्टवाला.’ ओळख लागेल असं काहीच त्यात नाही.

लगेच उत्तर आलं. ‘एक हजार एकशे पस्तीस. धन्यवाद, लिफ्टवाला.’

हिचा फोन आला होता. तिचं शिवणयंत्र ट्रान्सपोर्टने पाठवा म्हणाली. बाळंतपणाला शिवणयंत्र कशाला, ते विचारायचं राहिलं. लाकडी खोक्यात नीट बांधून, सुया वेगळ्या पुडीत घालून पाठवलं. पॅकिंगमध्ये माझा हात कोणी धरणार नाही.

१४ मार्च

पेटी क्रमांक सहाची आई रोज लिहिते. अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलता येतं म्हणतात, ते खरं असावं. काल विचारलं, ‘लिफ्टवाला, तुमच्या डाव्या गुडघ्याला त्रास होत नाही ना?’

डावाच गुडघा का, असं क्षणभर वाटलं. पण दोनच तर असतात. निम्मी शक्यता.

मी लिहिलं, दुखतो, आणि जेवणाचंही जमत नाही, ब्रेडवर भागवतो. तिने लिहिलं, ‘अंडी उकडा. पाणी उकळल्यापासून बारा मिनिटं. धावणाऱ्याला हवीतच.’

संध्याकाळी हिचा फोन. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "अंडी उकडायला बारा मिनिटं लागतात बरं का." मायलेकी कशा एकसारखा विचार करतात! तिथे बसून दोघी अंड्यांच्या गप्पा मारत असतील.

बारा मिनिटं जास्त होतात. नऊ पुरतात.

१७ मार्च

छप्पन्न. एका इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या आजींनी मला लिफ्टमध्ये अडवलं. "तुम्हीच का ते धावणारे?" म्हणाल्या, त्यांचा मुलगाही आठव्या महिन्यातला, तेव्हा पेट्या नव्हत्या, कापसात गुंडाळून छातीशी धरून ठेवला होता, आता पन्नास वर्षांचा आहे आणि फोन करत नाही. प्रत्येक किलोमीटरमागे त्या पाच रुपये देणार आहेत. मी निघताना म्हणाल्या, "सावकाश धावा. पण खरंखुरं धावा हो."

हिने थंडीचे कपडे आणि तिच्या आईचा भिंतीवरचा फोटो मागवलाय. भिंतीवर आता फोटोच्या मापाचा पांढरा चौकोन राहिलाय. थंडी संपत आली, तरी पाठवले. तिकडे गारवा जास्त असेल.

२० मार्च

दुपारी दोनला हिचा फोन. या वेळी ती कधी करत नाही. मी एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो.

"बाळाला इन्फेक्शन झालंय. श्वास मध्येच थांबतो. डॉक्टर काही धड बोलत नाहीत."

"मी येऊ?"

ती म्हणाली, "इथे येऊन तुम्ही काय करणार?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारल्यासारखं विचारलं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. तिथल्या लिफ्ट चालू असणार.

२२ मार्च

आज जे झालं ते लिहावं की नाही, याचा दोन तास विचार केला.

काल धावलो नाही. आज निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. दुखत नव्हते, दमलेही नव्हते. नुसते उभे होते, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. फलकावर दोन दिवसांत तिचं काही नव्हतं. नकाशावर बाकीचे ठिपके हलत होते आणि माझा हलत नव्हता. तिने बघितलं तर तिला काय वाटेल, असं मनात आलं.

घरी जाऊन स्कूटर काढली. गावाबाहेरचा रस्ता. ताशी आठ-नऊच्या वेगाने, दोन्ही पाय खाली लोंबकळत सोडून. एवढी हळू मी शिकताना सुद्धा चालवली नव्हती. हँडल सारखं डुगडुगत होतं. पहाटेचं पळायला निघालेलं एक जोडपं मला मागे टाकून गेलं आणि त्यातल्या बाईंनी वळून बघितलं. बारा किलोमीटर. ॲपने टाळ्यांचं चित्र दाखवलं.

पैसे शेवटी हॉस्पिटललाच जाणार. कोणाचं काय नुकसान झालं?

२३ मार्च

सकाळी फलकावर: ‘काल रात्री बाळाचा श्वास चार वेळा थांबला. पहाटे नर्सने फोन हातात दिला आणि म्हणाली, बघा, तुमचे लोक धावतायत. लिफ्टवाल्यांनी काल बारा केले. एका दमात इतके त्यांनी कधीच केले नव्हते. मी काचेला तोंड लावून बाळाला सांगितलं. त्यानंतर श्वास थांबला नाही. योगायोग असेल. मला असू दे.’

ऑफिसला गेलो नाही. बाईंचा फोन आला, त्यांना पोट बिघडलंय म्हटलं. हेही खोटंच.

२४ मार्च

फलकावर लिहिलं. सात वेळा खोडून शेवटी एवढंच राहिलं: ‘२२ तारखेचे माझे बारा किलोमीटर स्कूटरवर झाले आहेत. ते वजा करावेत. माझी चूक झाली. लिफ्टवाला.’

पाठवल्यावर फोन उलटा करून ठेवला. मग एकोणीस इमारतींत जाऊन चौकोनातला ८३ खोडून ७१ केला. कागदावर खाडाखोड स्पष्ट दिसते. दोन ठिकाणी लोकांनी कारण विचारलं. पहिल्या ठिकाणी, बेरीज चुकली, असं म्हणालो. दुसऱ्या ठिकाणी खरं सांगितलं. तो माणूस हसत सुटला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत हसत होता. सहाव्या मजल्यावरच्या आजी हसल्या नाहीत. "मग आता ते बारा परत धावणार ना?" म्हणाल्या.

"हो."

"झालं तर मग."

२५ मार्च

तिचं उत्तर आलंय. जसंच्या तसं उतरवतो.

‘लिफ्टवाला, वाचलं. बाळ आज बरं आहे. बारा वजा झाले तरी तिचं काही बिघडलं नाही, हे आधी सांगते. दुसरं असं की "माझी चूक झाली" हे तीन शब्द मी आमच्या घरात कधी ऐकले नाहीत. माझे वडील फार सरळ माणूस, कोणाचा पैसा नाही बुडवला, कोणाचं काम नाही चुकवलं. पण मी लग्न ठरवलं तेव्हा ते म्हणाले, "आजपासून तू आम्हाला नाहीस. तुझं बरंवाईट तुझं तू बघ." आता बघतेय. चांगलं कमी आणि वाईटच जास्त बघितलं या महिन्यात. ते वाक्य त्यांनी परत घेतलं असतं तर मी त्याच दिवशी फोन केला असता. तुम्हाला का सांगतेय, माहीत नाही.’

तिच्या वडिलांबद्दल तिचं मत एकांगी आहे, असं इथे लिहायला घेतलं होतं. खोडलं.

मला त्यातला दुसरा अर्धाच भाग आठवत होता. पहिला मी बोललो होतो, हे आज आठवलं. पायातले बूट कुठले होते, तेही आठवलं. जिन्यात उभा होतो. ती दोन पायऱ्या खाली होती आणि वर बघत होती.

२८ मार्च

तीन दिवस उत्तर धावताना जुळवत होतो. रोज सहा-सात होतायत. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. आज लिहिलं:

‘तुमच्या वडिलांच्या वतीने मी काय बोलणार? पण असं बोललेली माणसं मी पाहिली आहेत. ती आपलं वाक्य अर्धंच लक्षात ठेवतात. सबंध ठेवलं तर त्यांना झोप लागणार नाही.’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘हं.’

हुबेहूब हिच्यासारखं. हिच्या ‘हं’चा अर्थ मला बत्तीस वर्षांत लागला नाही, हिच्या मुलीच्या ‘हं’चा काय लागणार?

२ एप्रिल

एकशे एकवीस. एक हजार पाचशे चाळीस. पहिला आकडा माझा, दुसरा बाळाचा.

बाईंनी डब्यात सोललेली संत्री आणून टेबलावर ठेवली. "किती बारीक झालात," म्हणाल्या. "वहिनी कधी येणार?"

"बाळ घरी गेलं की."

त्या काहीतरी बोलणार होत्या. फोन वाजला आणि राहिलं.

येण्याआधी स्वयंपाकघराला रंग द्यावा म्हणतो, पांढरा डबा आणलाय, छटा नंतर मिसळता येते. हिला फिका पिवळा हवा होता, मला वाटतं. की फिका हिरवा? विचारलं पाहिजे.

७ एप्रिल

दीडशे झाले, वजा बारा धरून. म्हणजे खरे दीडशे.

परवा शेवटचे पन्नास. कुठे धावायचे ते ठरत नव्हतं. इथलं मैदान, गावाबाहेरचा रस्ता. स्कूटरच्या रस्त्यावर जायला नको वाटतं. मग सहज तो पहिला निरोप काढून वाचला. जिथे असाल तिथून. म्हणजे जिथे असायला हवं तिथून धावलं, तरी नियमात बसतं.

उद्याचं बसचं तिकीट काढलं. कोणाला कळवलं नाही. कोणाला त्रास न देता बाहेरच्या बाहेर धावून परत यायचं.

१० एप्रिल, परतीच्या बसमध्ये

अक्षर हलतंय, पण घरी जाईपर्यंत धीर निघणार नाही.

काल पहाटे पोचलो. हॉस्पिटल तीन मजली, करड्या रंगाचं, चारी बाजूंनी फुटपाथ. एक फेरी सातशे वीस मीटरची. म्हणजे सत्तर फेऱ्या. सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू केलं. एका बाजूला औषधांची दुकानं, दुसऱ्या बाजूला धुलाईखान्याच्या खिडक्या, तिथून सतत गरम वाफ येते. तिसऱ्या बाजूला अँब्युलन्सचं दार. चौथी बाजू मागची, तिथे कोणी नसतं. वॉर्ड कुठल्या मजल्यावर आहे ते मला माहीत नव्हतं. त्यामुळे सगळ्याच खिडक्या बघत होतो.

पंधराव्या फेरीला फाटकावरच्या रखवालदाराने हाक मारली. "काका, काही हरवलंय का?"

"नाही. धावतोय."

"आमच्याकडे पेशंट आहे का तुमचा?"

"पेटी क्रमांक सहा."

"मग आत जा की. भेटायची वेळ दहाची आहे."

"मला बोलावलेलं नाही," असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या फेरीला मी रस्त्याच्या पलीकडून गेलो. पण विसाव्या फेरीपासून तो दर फेरीला पाण्याची बाटली पुढे करायला लागला. नुसता आकडा मोठ्याने म्हणायचा. "सव्वीस." "सत्तावीस."

तिसाव्या फेरीनंतर धावणं संपलं, चालणं उरलं. पंचेचाळिसाव्याला डावा गुडघा वाकेना. सावल्या लांबायला लागल्या तशी भीती वाटली की सूर्यास्ताच्या आत होत नाही. मागच्या बाजूला, जिथे कोणी नसतं, तिथे भिंतीला हात लावून उभा राहिलो आणि रडलो. गुडघ्यासाठी नाही.

अठ्ठावन्नावी फेरी होती. औषधांच्या दुकानांकडून वळलो तर समोर मुलगी उभी. अंगावर शाल, पायात सपाता. खूप वाळलीय. चार वर्षांत तिच्या कानाजवळचे दोन-तीन केस पांढरे झालेत.

मी थांबलो.

"थांबू नका," ती म्हणाली. "पाय धरतील. चला."

आम्ही चालायला लागलो. अर्धी फेरी झाली.

"तुला कसं कळलं?"

"बाबा, नकाशा. सकाळपासून तुमचा ठिपका माझ्या खिडकीखाली गोल गोल फिरतोय."

आपला ठिपका नुसता हलतो असं नाही, तो कुठे हलतोय तेही दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण तो ठिपका माझा, हे..."

"‘लिफ्टवाला’ नाव घेऊन लपणार होतात तुम्ही?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पहिल्याच दिवशी कळलं होतं. आईलाही."

म्हणजे ते सगळं तिने मलाच लिहिलं होतं. अंडी, गुडघा, आणि ते वाक्यही. मी मान खाली घालून चालत होतो. एक फेरी पूर्ण झाली. रखवालदार "एकोणसाठ" म्हणाला, पण हळू आवाजात.

"ते मी जिन्यात बोललो होतो..."

"बाबा, दम राखा. अजून अकरा आहेत."

"नाही. दम लागला तर लागू दे. माझी चूक झाली."

तिने माझा दंड धरला. गुडघ्याच्या बाजूने, डावीकडून. दोन फेऱ्या चालली. मग तिला बाळाला पाजायला वर जावं लागलं. उरलेल्या नऊ मी एकट्याने केल्या. सहाला पाच मिनिटं कमी असताना सत्तर झाल्या. रखवालदाराने टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी नव्हतं.

फाटकाजवळ बसलो तर बूट निघेनात, पाय सुजलेले. एक टक्कल पडलेला माणूस वापरून जुने झालेले सँडल हातात घेऊन आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. लेस सोडत म्हणाला, "माझे आहेत, एक नंबर मोठे. तुम्हाला बसतील." बसले. मी त्याला लग्नापूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेव्हा केस होते. जावई वाईट नाही.

बाळाला बघायला दहा मिनिटं मिळाली, काचेच्या बाहेरून. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, हात लावायचा नव्हता तरी. झोपली होती. डोक्याला हातशिलाईची टोपी, मुठी घट्ट, कपाळावर आठ्या. दहा मिनिटांत एकदा जांभई दिली. एक हजार सातशे दहा.

मग ही भेटली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मांडीवर कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. सगळ्या पेट्यांतल्या बाळांसाठी टोप्या आणि झबली शिवते. नर्स येऊन मापं सांगून जातात. त्या नर्सशी ती अशी मोठ्याने, हातवारे करून बोलत होती की मी आधी ओळखलंच नाही.

मी म्हटलं, "स्वयंपाकघराला रंग देतोय. पिवळा की हिरवा?"

तिने हातातलं खाली ठेवलं. "मी इथेच राहणार आहे, अहो."

"किती दिवस?"

"दिवस नाही मोजलेले."

"बाळ मोठं होईपर्यंत?"

"बाळाचं निमित्त झालं. तिकडे बत्तीस वर्षं मी गप्प बसले. इथे बोलते तर माझाच आवाज मला नवा वाटतो."

"मी कधी म्हटलं, बोलू नको?"

"कधीच नाही. तुम्ही कधी विचारलंही नाही." रागावलेली नव्हती. मला रागावलेली चालली असती.

मी त्या बाकावर टेकलो. ती पुन्हा शिवायला लागली. शेवटी विचारलं, "अधूनमधून येऊ का मी?"

"विचारून या. आणि नाही म्हटलं तर रुसू नका."

"बरं."

ती उठली आणि कपात चहा घेऊन आली. साखर बरोबर होती. "पन्नास धावलात खरं?" म्हणाली.

"तिसाव्या फेरीपुढे चाललो."

"हं," म्हणाली.

११ एप्रिल

घरी. जिना बसून बसून चढलो. मुख्याध्यापकांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि या वेळी काही न बोलता माझी पिशवी वर आणून दिली.

एकोणीस इमारतींत २०० लिहायचंय. सोमवारी लिहीन. रंगाचा डबा परत केला.

१५ एप्रिल

दोन नव्या पेट्या येणार, असं फलकावर आलंय. नकाशावर आता एकही ठिपका नाही. सवयीने सहाला बघत बसलो.

घर मोठं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. नऊ मिनिटांची अंडी खाल्ली.

२३ एप्रिल

बाळ काल घरी गेलं. दोन हजार दहा ग्रॅम. हे मला हिने कळवलं, निरोप पाठवून. मी उत्तर लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता वाटलं की फोनच करावा. माझ्याकडून मुलीला फोन मी कधी केलेला नाही. बोलणं बंद व्हायच्या आधी सुद्धा, ही करायची आणि मी मागून "ठीक आहे म्हणावं" असं ओरडायचो.

दुपारी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून दोराला वंगण घालत होतो, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. हात पुसले आणि लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. सहज."

तीही गोंधळली असावी. मग म्हणाली, "थांबा, उठलीय ती." आणि फोन बाळाजवळ धरला. आधी नुसतं खरखर. मग एक लहानसा आवाज, रडणं नाही, कुरकुर, मध्येच तुटणारी. मग श्वास. मी कान घट्ट दाबून धरला. श्वास येत होता, जात होता, येत होता.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मुलीचा आवाज आला, "बाबा, बोला ना काहीतरी. आहात ना?"

"आहे. ऐकतोय."

खाली तळमजल्यावर कोणीतरी लिफ्टचं दार जोरजोरात बडवायला लागलं होतं. "अहो मेकॅनिक, लिफ्ट कधी सुरू होणार?"

मी फोनवर हात ठेवून खाली ओरडलो, "वेळ लागेल. जिन्याने या."